इशारा पातळीलाच गोठ्यांची सोय करा

महोदय,
पावसाळ्यात राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की कोल्हापुरात एकच प्रश्न फिरू लागतो, 'पाणी किती फुटांवर?' पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे शाळकरी पोरंही सांगतात. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत पंचगंगेने ५० फुटांची रेषा ओलांडली, महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, तेव्हापासून ही धास्ती शहरातही मुरली आहे.

पण खरी धावपळ प्रयाग चिखली, आंबेवाडीसारख्या गावांत असते. धान्य माळ्यावर जातं, कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत बांधली जातात, म्हाताऱ्यांना पाहुण्यांकडे धाडलं जातं. अडतं ते जनावरांपाशी. दुभती म्हैस दावणीला सोडून कोणी निघत नाही, आणि त्यात चूक काय? घरचा रोजचा पैसा तिच्यावरच येतो. त्यामुळे घरातला एक तरी माणूस मागं राहतो आणि मग रात्री पाण्यातून बोट घालून त्याला काढावं लागतं.

माणसांसाठी निवारा केंद्रं उघडतात, ते चांगलंच आहे. त्याच वेळी, म्हणजे ३९ फुटांनाच, जनावरांसाठी पत्र्याचे गोठे, ओला-सुका चारा, पशुवैद्यक आणि वाहतुकीला टेम्पो हजर हवेत. दूध संकलनाची सोयही तिथंच व्हावी. प्रशासनाने गोठ्यांच्या जागा मे महिन्यातच ग्रामपंचायतीच्या फलकावर लावाव्यात, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, कोल्हापूर