हायड्रोजन काढताच आहात तर दुसऱ्या टोकाचं पण बघा ना

संपादक साहेब, नमस्कार.

केंद्राने जानेवारी 2023 ला 19,744 कोटींचं ग्रीन हायड्रोजन मिशन मंजूर केलं तेव्हापासून जो तो हायड्रोजनवरच बोलतोय, चांगलंच आहे, पण पाण्यात करंट सोडला की एका इलेक्ट्रोडवर हायड्रोजन आणि दुसऱ्यावर ऑक्सिजन निघतो, 1 किलो हायड्रोजनमागे 8 किलो ऑक्सिजन, आणि तो बहुतेक हवेतच सोडून देतात. विजेचं बिल मात्र पूर्ण!

मी नागपूरजवळच्या बुटीबोरीत केमिकल प्लांटमध्ये शिफ्ट काढलेला माणूस आहे म्हणून सांगतो, त्या दुसऱ्या टोकाला ऑक्सिजनऐवजी इपॉक्साइड, म्हणजे ऑक्सिजन जोडलेलं कामाचं रसायन, काढता येतं. गादीचा फोम ज्याच्यापासून बनतो ते प्रोपिलीन ऑक्साइड घ्या. जुन्या पद्धतीत क्लोरीन आणि चुना लागतो, टनामागे 40 टनांच्या आसपास खारं सांडपाणी निघतं, आणि सांडपाण्याचं आपण काय करतो ते नाग नदीवर जाऊन बघा. 2020 मध्ये टोरांटो युनिव्हर्सिटीच्या लोकांनी करंट सोडायच्या एकाच सेलमध्ये क्लोरीन पण काढला आणि चुन्याच्या जागी अल्कली पण, क्लोरीन प्रोपिलीन वायूला लावला आणि शेवटी त्यात अल्कली मिसळली की इपॉक्साइड तयार आणि मीठ परत वापरायला मोकळं. मग 2024 मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक-एमआयटी संस्थांवाल्यांनी क्लोरीनच काढून टाकला, पॅलेडियम-प्लॅटिनमचा कॅटॅलिस्ट (रिअॅक्शन घडवून आणणारा) वापरला, पाण्यातला ऑक्सिजन डायरेक्ट प्रोपिलीनला जोडला, तेही रूम टेंपरेचरला, आणि 66 टक्के करंट त्याच कामाला लागला. आता हिशोब करा, 1 किलो हायड्रोजनसोबत कागदावर 29 किलो प्रोपिलीन ऑक्साइड बसतं, 66 टक्के धरले तरी 19 किलो!

अडचणी आहेतच. प्लॅटिनम काही स्वस्त नाही, लॅबमधला करंट कारखान्याच्या मानाने कमी आहे, प्रोपिलीन शेवटी बहुतेक तेलातूनच येतं आणि नागपुरात रिफायनरी नाही. आणि कोराडीच्या वीज केंद्रातली कोळशाची वीज लावून हे केलं तर फॅक्टरीचा धूर वाचला तो कोराडीच्या चिमणीतून निघणार, दुसरं काय. सोलर लागेलच, उन्हाची तर आपल्याकडे कमी नाही बाप्पा.

पण आपल्या नागपुरात अमरावती रोडवर 1942 पासून एलआयटी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) आहे, 2023 ला युनिव्हर्सिटी पण झाली, तिथल्या पोरांना हायड्रोजनच्या प्रोजेक्टला पैसे देताना अर्धे तरी या दुसऱ्या इलेक्ट्रोडसाठी द्या, आणि बुटीबोरीच्या कंपन्यांनी एखादा छोटा पायलट सेल लावायला शेडमध्ये कोपरा द्यावा. एवढं छापलंत तर बरं होईल.

– एक वाचक, नागपूर