कात्रजच्या बोगद्यापासून किवळ्यापर्यंत: रस्ते वाहतूक मंत्र्यांना एक खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय, भारत सरकार

सविनय नमस्कार.

माझ्या उजव्या हाताला प्लास्टर असल्यामुळे हे पत्र मी सांगतो आहे आणि माझी मुलगी ते लिहून घेते आहे. मी कराडचा, निवृत्त माध्यमिक शिक्षक. गेल्या महिन्यात मी, माझी पत्नी आणि गाडी चालवणारा माझा भाचा असे तिघे वाकडला मुलीकडे निघालो होतो, कारण दुसऱ्या दिवशी पुण्यात पत्नीच्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली होती. मुलीने फोनवर सांगितले होते की हायवेने सरळ या, भूमकर चौकात खाली उतरा, मी तिथेच उभी असेन. कात्रजचा नवा बोगदा ओलांडून उतार लागला तेव्हा अंधार पडला होता. डावीकडच्या एका दुकानाच्या पाटीवर, खालच्या पत्त्याच्या ओळीत, पत्नीला ‘भूमकर चौक’ ही अक्षरे दिसली. सेवा रस्त्याचे तोंड समोर येताच भाच्याने ब्रेक दाबून गाडी डावीकडे घेतली, आणि मागून येणाऱ्या भरलेल्या टेम्पोला त्या उतारावर थांबता आले नाही.

महोदय, मुलगी ज्या भूमकर चौकात उभी होती तो तिथून वीसेक किलोमीटर पुढे, वाकडला आहे. आम्ही होतो नऱ्ह्याच्या भूमकर चौकापाशी. एकाच राष्ट्रीय महामार्गावर, एकाच महानगराच्या कडेने, एकाच नावाची दोन ठिकाणे आहेत आणि दोन्हींजवळ महामार्गावरून उतरता येते. बाहेरगावच्या माणसाने ती वेगळी कशी ओळखावीत, याची कोणतीही सोय त्या रात्री आम्हाला दिसली नाही. एक्झिटला क्रमांक नव्हता. आधी सूचना देणारा फलक दिसला नाही. सेवा रस्त्याच्या तोंडाशी जो फलक आहे, तो एका स्थानिक पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्समागे अर्धा झाकलेला होता, हे माझ्या मुलीने दुसऱ्या दिवशी तिथे जाऊन पाहिले आणि त्याचे छायाचित्र काढले. ज्यांच्याकडे रस्त्याची देखभाल आहे त्यांना ते दाखवल्यावर, फ्लेक्स काढणे आमच्या कामात येत नाही, असे उत्तर मिळाले.

अपघातानंतर भाच्याने रुग्णवाहिकेसाठी फोन केला. पलीकडून विचारले गेले, “नक्की कुठे?” त्याने सांगितले, “भूमकर चौकाजवळ.” पुढे काय झाले असेल, हे आपण ओळखले असेलच. मी फोनवरच्या त्या माणसाला दोष देत नाही, त्याला जे सांगितले गेले त्यावरून तो वाकडकडे गाडी पाठवत होता. त्याने किलोमीटरचा दगड वाचून सांगा म्हटले, तेव्हा माझा भाचा कपाळातून रक्त येत असताना मोबाइलच्या उजेडात रस्त्याच्या कडेने दगड शोधत फिरला. दगड सापडला नाही. शेवटी एका रिक्षावाल्याने आणि दोन महाविद्यालयीन मुलांनी माझ्या पत्नीला एका मालवाहू गाडीच्या हौद्यात झोपवून रुग्णालयात नेले. तिच्या मांडीचे हाड मोडले होते आणि त्यात रॉड घालावा लागला. माझ्या मनगटाची दोन हाडे मोडली आहेत. डोळ्याची शस्त्रक्रिया राहिलीच. आज ती मुलीच्या घरात अंथरुणावर आहे, कूस बदलायलाही तिला दुसऱ्याचा हात लागतो, आणि रात्री ट्रकचा हॉर्न ऐकू आला की ती अंगावरची चादर घट्ट धरते. चाळीस वर्षे जिने घर, शेत आणि सासूसासऱ्यांचे आजारपण एकटीने ओढले, तिला आज पाण्याचा पेला दुसऱ्याने तोंडाशी धरावा लागतो. हे मी सहानुभूतीसाठी लिहीत नाही. एका झाकलेल्या फलकाची किंमत कोण भरते, हे आपल्याला कळावे म्हणून लिहितो आहे.

कराडहून निघाल्यावर तासवडे, आनेवाडी आणि खेड-शिवापूर अशा तीन ठिकाणी आम्ही टोल भरला. प्रत्येक वेळी खात्यातून पैसे कापल्याचा संदेश फोनवर आला. गाडी नेमकी कोणत्या क्षणी कोणत्या नाक्यावरून गेली, हे आपल्या व्यवस्थेला कळते. तीच गाडी अपघातात सापडून रस्त्याच्या कडेला उभी राहिली की मात्र ती कुठे आहे, हे कोणालाच सांगता येत नाही.

हा रस्ता मुळात शहराबाहेरून काढलेला होता. पूर्वी मुंबईहून साताऱ्याकडे जाणारी वाहने दापोडी, शिवाजीनगर, स्वारगेट असे करत पुण्याच्या पोटातून कात्रजच्या घाटाला लागत. ते टाळण्यासाठी देहूरोड ते कात्रज असा पश्चिमेच्या टेकड्यांच्या कडेने बाह्यवळण मार्ग केला आणि पुढे सुवर्ण चतुष्कोन योजनेत तो रुंद केला. त्या वेळी वारजे, बाणेर, बालेवाडी, वाकड ही गावे होती. नंतर हिंजवडीला माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या, डोंगरउतारांवर इमारती उभ्या राहिल्या आणि २०२१ मध्ये नऱ्हे, सूस यांसारखी गावेही पुणे महापालिकेत आली. महामार्गाचा क्रमांक चारचा अठ्ठेचाळीस झाला. शहर रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरले, तरी रस्ता मात्र अजून गावाबाहेरचा समजूनच चालवला जातो. दिल्लीहून जयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे, बंगळूरमार्गे चेन्नईला जाणारा अवजड ट्रक आणि नऱ्ह्याच्या महाविद्यालयातून घरी निघालेली दुचाकीवरची मुलगी एकाच डांबरावरून जातात. त्या दोघांना एकमेकांपासून सुरक्षित वेगळे करणारी एकच गोष्ट असते, आणि ती म्हणजे योग्य ठिकाणी, योग्य अंतरावर सांगितलेली बाहेर पडण्याची वाट.

देहूरोड ते सातारा या सुमारे १४० किलोमीटरच्या सहापदरीकरणाचे काम २०१० मध्ये सुरू झाले आणि ते २०१३ मध्ये संपायचे होते. त्यानंतर किती मुदतवाढी झाल्या आणि किती पूल व सेवा रस्ते वर्षानुवर्षे अर्धवट पडून राहिले, हे या मार्गावरच्या प्रत्येक गावाला पाठ आहे. आमच्या साताऱ्याच्या माणसांनी त्या सगळ्या काळात टोल मात्र एक दिवसही चुकवलेला नाही.

याच उतारावरच्या नवले पुलाचे नाव आपण ऐकलेच असेल, कारण ते आता देशभर माहीत झाले आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एकाच अपघातात ४८ वाहने सापडली. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच परिसरात कंटेनरने वाहनांना धडक दिली, आग लागली आणि आठ जणांचा जीव गेला. प्रत्येक वेळी मंत्री येतात, बैठका होतात, वेगमर्यादा खाली आणतात, कॅमेरे लागतात, रस्त्यावर पट्टे मारले जातात. नव्या बोगद्यापासून खाली उतरणारा तो लांबलचक उतार, त्यावर डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे चालक आणि तापून निकामी होणारे ब्रेक यांबद्दल खूप बोलले गेले आहे आणि ते खरेही आहे. पण त्या उतारावर मुख्य रस्ता सोडून सेवा रस्त्याला लागणाऱ्या आणि सेवा रस्त्यावरून मुख्य रस्त्यावर घुसणाऱ्या वाहनांबद्दल फारसे बोलले जात नाही. मागच्या अवजड गाडीला थांबता येत नाही, हे मान्य आहे. मग पुढची गाडी अचानक का थांबते, हेही कोणीतरी विचारले पाहिजे. ती अचानक थांबते, कारण तिच्या चालकाला उतरायचे ठिकाण अगदी जवळ आल्यावर कळते.

याच मार्गावरच्या चांदणी चौकाचेही तेच झाले. जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री स्फोटकांनी पाडला, ते दृश्य आम्ही कराडला घरात बसून दूरचित्रवाणीवर पाहिले. १२ ऑगस्ट २०२३ रोजी शेकडो कोटींच्या नव्या पुलांचे आणि रॅम्पांचे लोकार्पण झाले. कोथरूड, बावधन, पाषाण, मुळशी, वारजे, मुंबई, सातारा अशा इतक्या दिशा तिथे एकत्र येतात की पुणेकरसुद्धा सुरुवातीला चुकत राहिले आणि फलक नंतर वाढवावे लागले. पूल बांधताना फलकाचा विचार सर्वांत शेवटी होतो, याचा याहून स्पष्ट पुरावा दुसरा नको. माझ्या मते फलक हा पुलाचाच भाग आहे. चालकाला रॅम्प कुठे नेतो हे वेळेत कळत नसेल, तर त्या पुलाचे काम पूर्ण झाले असे म्हणताच येणार नाही.

फलक कसे असावेत याचे नियम आपल्या देशात आहेत. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची रस्त्यावरील चिन्हांसाठी संहिता आहे, ती क्रमांक ६७ ची. आधी पूर्वसूचना देणारा फलक, मग वळणाच्या तोंडाशी दिशा दाखवणारा आणि पुढे गेल्यावर आपण बरोबर मार्गावर आहोत याची खात्री देणारा, असे टप्पे त्यात सांगितले आहेत. रात्री दिव्याच्या झोतात चकाकणारा पत्रा कसा हवा, अक्षरे किती मोठी हवीत, सगळे लिहिलेले आहे. इतकेच नव्हे, २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आले. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे कोणी मेले किंवा अपंग झाले, तर संबंधित यंत्रणा, ठेकेदार, सल्लागार यांना दंड होऊ शकतो. तो दंड जास्तीत जास्त एक लाख रुपये आहे. माझ्या पत्नीच्या रुग्णालयाचे बिल त्याहून अधिक झाले. रस्ता अपघातग्रस्तांना दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचार देणारी योजना आपल्याच मंत्रालयाने मे २०२५ मध्ये अधिसूचित केली. ज्या रुग्णालयात आम्ही पोहोचलो तिथल्या काउंटरवर या योजनेचे नाव काढल्यावर, आधी अनामत भरा, मग बघू, असे सांगितले गेले.

आणि गुन्हा कोणावर दाखल झाला? माझ्या भाच्यावर. निष्काळजीपणे वाहन चालवल्याबद्दल. तो पंचवीस वर्षांचा आहे, नोकरीसाठी अर्ज करतो आहे, आणि प्रत्येक अर्जात आता त्याला या प्रकरणाचा उल्लेख करावा लागेल. फ्लेक्स लावणाऱ्यावर गुन्हा नाही. फलकाची देखभाल न करणाऱ्यावर गुन्हा नाही. पस्तीस वर्षे मी वर्गात उभा राहिलो, आणि धडाच न शिकवता मुलाची परीक्षा घेऊन त्याला नापास करणारा शिक्षक मी शाळेत कधी सहन केला नसता.

या देशात २०२२ या एका वर्षात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मेली, हे आपल्याच मंत्रालयाचे आकडे आहेत. या प्रत्येक अपघातानंतर शेवटी चालकाचेच नाव लिहिले जाते, कारण तेच सर्वांना सोयीचे असते. मुख्य रस्ता एकाचा, सेवा रस्ता दुसऱ्याचा, दिवे तिसऱ्याचे, फ्लेक्स चौथ्याच्या परवानगीचा किंवा परवानगीशिवायचा. नऱ्हे पुणे पोलिसांच्या हद्दीत आणि वाकड पिंपरी-चिंचवड पोलिसांच्या. माझ्या मुलीने तक्रार घेऊन या सगळ्यांचे दरवाजे ठोठावले आणि प्रत्येकाने तिला पुढच्या दाराकडे बोट दाखवले. ती संगणक अभियंता आहे, तिला इंग्रजीत ईमेल लिहिता येतात, तिच्याकडे गाडी आहे. तिलाच हे जमले नाही, तर रस्त्याकडेला फळे विकणाऱ्या बाईचा मुलगा इथे अपघातात दगावला, तर ती कोणाकडे जाणार?

नऱ्हे ते रावेत उन्नत मार्गाची घोषणा आम्ही वाचली आहे. तो व्हायचा तेव्हा होवो. त्यासाठी हजारो कोटी लागतील, भूसंपादन लागेल, वर्षे लागतील. मी जे मागतो आहे त्याला पत्रा, रंग आणि मोजपट्टी लागते. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून किवळ्यापर्यंत, जिथे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो तिथपर्यंत, बाहेर पडण्याच्या प्रत्येक वाटेला किलोमीटरनुसार क्रमांक द्या. तमिळनाडूच्या ट्रकचालकाला मराठी वाचता येत नसेल, आकडा येतो. न्यू जर्सीत राहणारी माझी पुतणी पाहुण्यांना घरी बोलावताना टर्नपाइक या तिथल्या टोल महामार्गाच्या दहा नंबरच्या एक्झिटला उतरा एवढेच सांगते आणि माणूस चुकत नाही. क्रमांकाशेजारी चौकाच्या नावाबरोबर गावाचेही नाव लिहा, भूमकर चौक, नऱ्हे आणि भूमकर चौक, वाकड. हे नाव वळणाच्या पुरेसे आधी, रस्त्याच्या डोक्यावरच्या कमानीवर लावा, जिथे फ्लेक्स बांधता येणार नाही. दुभाजकावर थोड्या थोड्या अंतराने किलोमीटर दाखवणाऱ्या, रात्री चकाकणाऱ्या पट्ट्या लावा, म्हणजे जखमी माणसाला आपण कुठे आहोत ते सांगता येईल. आणि या सगळ्यासाठी एका अधिकाऱ्याचे नाव व फोन क्रमांक जाहीर करा, ज्याला हे माझे काम नाही असे म्हणता येणार नाही.

यापूर्वी पाठवलेल्या अर्जाची पोच मला मिळाली आहे, उत्तर मिळालेले नाही. या पत्राचे उत्तर मला लेखी हवे आहे. ते माझ्या भाच्याच्या खटल्यात न्यायालयापुढे ठेवायचे आहे, म्हणून त्यात एवढे स्पष्ट लिहावे की त्या रात्री त्या ठिकाणी संहितेप्रमाणे पूर्वसूचनेचा फलक होता की नव्हता, आणि नसल्यास तो लावण्याची जबाबदारी कोणाची होती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, कराड
(सध्या मुक्काम वाकड, पुणे)