येमेनमध्ये सापडलेली कडी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मूळची वसईची, ख्रिस्ती धर्मभगिनी. गेली अठरा वर्षे इटलीतील सार्डिनिया बेटावर, इग्लेसियास या गावी, एका वृद्धाश्रमात सेवा करते. रात्रपाळीत आजी-आजोबांना झोपवून झाले की मोबाइलवर आपले दैनिक वाचते. विदर्भात संरक्षण साहित्याचे आणि दारूगोळ्याचे कारखाने यावेत, म्हणजे तिथल्या पोरांच्या हाताला काम मिळेल, असे आपल्याकडे वरचेवर छापून येते. नोकऱ्यांचा आकडा मथळ्यातच असतो. तिथे नेमके काय बनणार, ते कुठे जाणार आणि शेजारच्या गावाला कोणी विचारले का, हे मात्र बातमीत शोधावे लागते. मी ज्या गावात राहते तिथे हेच सगळे घडून गेले आहे, म्हणून लिहायला बसले.

इग्लेसियास म्हणजे खाणींचा मुलूख. शिसे, जस्त आणि थोडी चांदी. आमच्याकडे एक खाणकामगार आजोबा आहेत. रात्री खोलीतला दिवा मालवला की विचारतात, "सिस्टर, कार्बाइड संपलं का?" खाणीत कार्बाइडचे दिवे वापरायचे, तो दिवा त्यांच्या डोक्यातून अजून गेलेला नाही. जवळच्या बुग्जेरू गावात १९०४ साली संपावर गेलेल्या खाणकामगारांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि त्यातून इटलीतला पहिला देशव्यापी संप झाला. ही गोष्ट इथली शेंबडी पोरेही सांगतात. नव्वदच्या दशकापर्यंत खाणी बंद पडल्या. त्यानंतर हा भाग इटलीतल्या सर्वांत गरीब भागांपैकी एक झाला. तरुण मुले बोटीत बसून मुख्य भूमीवर निघून जातात आणि म्हातारे आमच्याकडे येतात.

शेजारचे दोमुसनोवास आणि आमचे इग्लेसियास, या दोन गावांच्या हद्दीत एक कारखाना आहे. पूर्वी तिथे खाणींसाठी सुरुंगाची दारू बनायची. पुढे तिथे विमानातून टाकायचे बाँब बनू लागले आणि २०१० पासून तो जर्मनीच्या ऱ्हाइनमेटल कंपनीच्या ताब्यात आहे. इथले बाँब सौदी अरेबियाला जात होते आणि सौदीची विमाने येमेनवर बाँब टाकत होती. ८ ऑक्टोबर २०१६ रोजी येमेनमधल्या देइर अल-हजारी या खेड्यात एका घरावर हवाई हल्ला झाला. एकाच कुटुंबातली सहा माणसे गेली. त्यात पोटुशी आई होती आणि तिची चार मुले होती. ढिगाऱ्यात एक लोखंडी कडी मिळाली, बाँब विमानाला टांगायची. विहिरीच्या दोराला असते ना, तशीच, जाड. ती याच कारखान्यात बनलेली होती. या कडीचा फोटो मी एका सभेत पाहिला. त्या रात्री जपमाळ हातात होती, पण डोळ्यांसमोर कडीच होती.

ती सभा भरवणाऱ्या समितीचे नाव 'कोमितातो रिकॉन्वेर्सिओने'. २०१७ साली ती स्थापन झाली. माणसे म्हणाल तर आपल्या आळीतली असतात तशीच: शिक्षक, निवृत्त मंडळी, चर्चच्या चळवळीत काम करणारी जोडपी, कामगार संघटनेचे दोघे-तिघे. कारखान्याला कुलूप लावा, असे त्यांचे म्हणणे नाही. समितीच्या नावातच 'रूपांतर' आहे. माणसे तीच ठेवा, यंत्रे शक्य तेवढी ठेवा, पण माल बदला, त्यासाठी सरकारने पैसा द्यावा, अशी त्यांची मागणी. युद्धात गुंतलेल्या देशांना शस्त्रे विकायची नाहीत, असा इटलीचा १९९० चा कायदा आहे. 'इटली युद्धाचा धिक्कार करते', असे राज्यघटनेच्या अकराव्या कलमात लिहिलेले आहे. या दोन कागदांवर बोट ठेवून ही माणसे बोलतात.

त्याच सुमारास कारखाना वाढवायचा बेत आला: नवे विभाग आणि स्फोटांच्या चाचणीचे मैदान. २०१८ मध्ये इग्लेसियास नगरपालिकेने परवानगी दिली. समिती आणि पर्यावरणवाल्या संघटनांचा आक्षेप असा होता की एवढ्या मोठ्या विस्ताराचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा एकत्रित अभ्यास झालाच नाही. एक शेड आज, दुसरी उद्या, असे तुकडे पाडून अर्ज केले की प्रत्येक तुकडा लहानच दिसतो. वसईच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. आमच्याकडे बावखले, म्हणजे वाडीतली गोड्या पाण्याची तळी, अशीच बुजवली. एका बावखलाने काय होते, म्हणत म्हणत वाडीतल्या विहिरी खाऱ्या झाल्या आणि पानवेली जळाल्या. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली तेव्हा मी विशीत होते. माझी आई डोक्यावर पदर घेऊन मोर्चात गेली होती. लिहिता-वाचता न येणारी बाई; घरी येऊन मला म्हणाली, "साहेबाला नकाशा उघडायला लावला आम्ही." इग्लेसियासच्या सभेत बसले की मला आई आठवते.

खालच्या न्यायालयात समितीची बाजू हरली. नोव्हेंबर २०२१ मध्ये मात्र इटलीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने त्या परवानग्या बेकायदा ठरवल्या. तोवर इमारती उभ्या राहिल्या होत्या. आधी बांधायचे आणि मग मागाहून पर्यावरणाची मंजुरी मागायची, हा प्रकारही आपल्याला नवा नाही.

आता दुसरी बाजू. ती लिहिली नाही तर हे पत्र खोटे ठरेल. त्या आजोबांचा नातू त्याच कारखान्यात कंत्राटी कामगार होता. दर रविवारी येतो, आजोबांच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळतो आणि साबणाचा फेस करून त्यांची दाढी करतो. जुलै २०१९ मध्ये इटली सरकारने सौदी आणि अमिरातीला बाँब पाठवणे थांबवले. जानेवारी २०२१ मध्ये ते परवाने रद्दच केले. बारा हजारांहून अधिक बाँब पाठवायचे राहिले. समितीच्या लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. नातवाचे कंत्राट मात्र संपले. मी सभांना जाते हे त्याला ठाऊक होते. दारातच मला म्हणाला, "सिस्टर, तुमच्या प्रार्थनेवर माझ्या घराचा हप्ता फिटणार आहे का?" माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. रूपांतराचा पैसा सरकारने दिला असता तर उत्तर असते. तो आलाच नाही, आणि समितीच्या लढाईतली सर्वांत मोठी हार मला हीच वाटते.

पुढे युक्रेनचे युद्ध सुरू झाले आणि वारे फिरले. २०२३ मध्ये इटलीने ती बंदी उठवली. येमेनमधल्या त्या कुटुंबाच्या नातेवाइकांनी रोममध्ये केलेली फौजदारी तक्रारही त्याच वर्षी खटला न चालताच बंद झाली, आणि ते युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. आता इथे विरोध करणाऱ्याला देशद्रोही नाही, पण 'भाबडे' म्हणतात. देशाला संरक्षण लागते हे मलाही कळते. माझा एक मामेभाऊ सैन्यात होता. पण त्याच्या हातातली बंदूक आणि भलत्याच देशाच्या युद्धात विकलेला बाँब, ही दोन्ही एकाच तागडीत घालायला मी तयार नाही.

विदर्भातल्या वाचकांना मी काय सांगणार? स्फोटकांच्या कारखान्याची किंमत त्यांनी माझ्यापेक्षा जवळून पाहिली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरजवळ बाजारगाव परिसरात नऊ कामगार गेले. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत किमान आठ गेले. नव्या कारखान्याची कुदळ पडण्याआधी ग्रामसभेत त्याचा पूर्ण नकाशा उघडायला लावा, सगळ्या टप्प्यांचा एकदम. माल कोणाला विकणार, ते लेखी मागा. कंत्राटी किती आणि कायम किती, ते विचारा. आणि हे प्रश्न विचारणाऱ्यांना विकासाचे वैरी ठरवू नका. आपल्या बातमीदारांनाही हीच विनंती आहे.

नातू पुन्हा कामावर लागला आहे, पुन्हा कंत्राटीच. आमचे बोलणेही सुरू झाले. मागच्या महिन्यात आजोबांची दाढी करता करता, माझ्याकडे न बघता त्याने विचारले, "ती कडी कुठल्या सालची होती?" मी म्हटले, हल्ला २०१६ चा, कडी केव्हा बनली ते मला माहीत नाही. त्याने वस्तरा पाण्यात हलवला, आजोबांचा गाल टॉवेलने टिपला. तो तिथे २०१४ मध्ये लागला होता.

मदर सुपिरियरांची परवानगी घेऊन हे पत्र लिहिले आहे. माझे नाव मात्र छापू नये.

आपली,
वसईची एक सिस्टर
इग्लेसियास, सार्डिनिया (इटली)