तुझा पंचकल्याणी आणि माझी तपकिरी

स्टीफनव्हिल, टेक्सास
१४ नोव्हेंबर

प्रिय दिल्या,

तुझा निकाल ऐकला. आमच्या ईरासाठी मी बघितलेल्या दोन घोड्यांचे व्हिडिओ बघून तुला अर्धं मिनिटही लागलं नाही. “तांबडा पंचकल्याणी घे, डोळे झाकून घे.” डोळे झाकूनच घ्यायचा असता तर मीही तोच घेतला असता. चारही पाय पांढरे, कपाळावर पट्टा, मान तर अशी की गिऱ्हाईक किंमत विचारायच्या आधीच पाकीट काढेल. पण माझा कल त्या तपकिरी घोडीकडे आहे, लांब कानांच्या, तोंडाने अगदीच साध्या. का ते सविस्तर लिहितो, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

आधी काम काय आहे ते बघ. ईराला बॅरल रेसिंगसाठी घोडा हवाय. मैदानात तीन पिंपं त्रिकोणात उभी असतात. पहिल्या दोघांत ९० फूट, आणि तिसरं त्या दोघांपासून १०५ फुटांवर. घोडा भरधाव आत येतो, पहिल्या पिंपाला उजवीकडे वळसा, मग दोन वळसे डावीकडे, आणि परत सुसाट बाहेर. चांगल्या घोड्याला याला सतराएक सेकंद लागतात. पिंप पडलं की ५ सेकंदांचा दंड, म्हणजे त्या दिवशीचा खेळ संपलाच. गावोगावच्या स्पर्धांत पहिल्यापेक्षा अर्धा सेकंद मागे राहिलात की खालच्या गटात जाता. सरळ धावणारे घोडे इथे पुष्कळ आहेत, पैसा वळणात मिळतो. भरधाव येऊन मागच्या पायांवर बसायचं, अंग आवळून फिरायचं आणि तिथूनच पुन्हा उसळायचं. मी दोन्ही घोड्यांकडे त्याच नजरेने पाहिलं.

उंचीवरून तू नाक मुरडणार, माहीत आहे. इथे चार इंचांचा एक ‘हँड’ धरतात आणि घोडी चौदा हँड तीन इंच आहे, म्हणजे आपल्या हिशेबात ५९ इंच. तुमच्याकडे ६४ इंचांखाली कोणी मान वळवून बघत नाही. पण या खेळात बुटका, जमिनीलगत फिरणारा घोडाच बरा पडतो. शिवाय दोघांची ही क्वार्टर हॉर्स जातच पाव मैलाच्या शर्यतीवरून नाव मिळालेली. तिची नोंदणी संस्था १९४० पासून आहे, कचेरी इथेच टेक्सासमध्ये. मारवाडी घोड्याचा डौल आणि त्याची मऊ रेवाल चाल या जातीत शोधू नकोस, तिला त्यासाठी वाढवलेलंच नाही.

मी आधी बघतो ते मागचे पाय. घोडा सपाट जमिनीवर चौरस उभा करायचा, आपण बाजूला दहा-बारा पावलं लांब. पुठ्ठ्याचं मागचं टोक, शेपटीखाली हाड लागतं ना, तिथून गवंड्याचा ओळंबा सोडलाय असं समज. तो हॉकच्या टोकाला लागून, नळीच्या मागच्या कडेने सरळ खाली यायला हवा. (हॉक म्हणजे मागच्या पायात मध्येच उलटा वाकलेला सांधा, नळी म्हणजे त्याच्याखालचं सरळ हाड. हॉकला आपण गुडघा समजतो, पण ती खरी टाच. खरा गुडघा वर पोटालगत असतो, त्याला इथे स्टायफल म्हणतात.) पाय या रेषेच्या थोडा पुढे, पोटाखाली सरकलेला असला तर बॅरलवाले फारसे कुरकुरत नाहीत, कारण असा घोडा मागे पटकन बसतो. फार सरकलेला असेल तर हॉकच्या मागच्या बाजूला ताण येऊन सूज धरते. तुझ्या तांबड्याचं उलटं आहे. त्याचे मागचे पाय खांबासारखे सरळ, हॉकला कोनच नाही. उभा असताना ते रुबाबदार दिसतं, पण वळणावर बसायला सांध्यात वाकच नाही, मग सगळा हिसका हॉक आणि स्टायफलवर जातो. व्हिडिओत दुसऱ्या पिंपाशी तो वळत नाही, मोठा गोल करून जातो. पुन्हा बघ, आवाज बंद करून बघ. मागचं संगीत तुला फसवतंय.

घोडीचा हॉक जमिनीपासून खाली आहे, नळी आखूड, पुठ्ठा लांब आणि थोडा उतरता. कंबर आखूड, वरची पाठ लहान आणि पोटाखालची रेषा लांब. तिच्या अंगात बघण्यासारखं जे काही आहे ते सगळं खोगिराच्या मागे आहे.

पुढच्या पायांत मी एका दोषाला माफी देत नाही. बाजूने बघताना गुडघा मागे दबलेला. वळणाआधी वेग तोडताना पुढच्या पायांवर भयंकर भार येतो, त्यात असा गुडघा आणखी मागे जातो आणि आतल्या हाडांच्या कपच्या उडतात. गुडघा किंचित पुढे झुकलेला चालेल, मागे नको. या बाबतीत दोघेही ठीक आहेत. समोरून बघितलं तर घोडीचा डावा खूर थोडा आत वळलाय. चालताना ती तो बाहेरून फेकते, पण दुसऱ्या पायाला लागत नाही. बाहेर वळलेला असता तर पाय आतून फिरून पायावर आपटला असता. मी गुडघे टेकून, पाय हातात घेऊन आतल्या बाजूचे केस तपासले. कुठे घासल्याची खूण नाही.

आणि खूर. क्वार्टर हॉर्समध्ये मधे एक काळ नुसत्या दिखाऊ स्पर्धांसाठी जाड अंग आणि चिमुकले खूर अशी पैदास चालली होती, तिचं देणं अजून फिटतंय. तांबडा पाचशे किलोला टेकलाय आणि त्याचे खूर ५९ इंची घोडीपेक्षा लहान. त्यातही पुढचे दोन सारखे नाहीत. उजवा अरुंद, टाच आवळलेली. ज्या खुरावर घोडा वजन टाकायचं टाळतो तो असाच हळूहळू आक्रसतो. विकणारा म्हणाला, “नालबंदाने तसे कापलेत.” असेलही. आमच्या इथले नालबंद वाटेल ते ऐकून घेतात बिचारे.

अंगावरची चरबीही बघायची. तुमच्याकडे सारंगखेड्याच्या यात्रेआधी तूप-दूध पाजून घोडे कसे चकाकतात ते तुला मी काय सांगू. इथेही तेच, फक्त पोत्यावर इंग्रजी छापलेलं असतं. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या हेनेकने १९८३ मध्ये अंगाला १ ते ९ गुण देण्याची पद्धत काढली. बरगडी दिसत नाही, पण हात फिरवला की सहज लागते तो ५. घोडी तिथेच आहे. तांबडा ७ तरी असेल, आणि चरबीने चपट्या स्नायूलाही गोलाई येते.

एक गोष्ट व्हिडिओत दिसणारच नाही. मानेच्या मुळाशी, जिथे पाठ सुरू होते, तो उंचवटा घोडीला ठळक आहे. तांबड्याला जवळपास नाहीच. उंचवटा नसला की वळणावर खोगीर बाजूला घसरतं, मग तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, करकचून आवळावा लागतो. तांबड्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना रुपयाएवढे पांढऱ्या केसांचे ठिपके आहेत. तू त्यांना जन्मखुणा म्हणशील. ते खोगिराच्या दाबाने जळालेले केस आहेत.

आता तू स्कॅम्परचं नाव काढणार, मीच तुला कधीतरी सांगितलं होतं. न्यू मेक्सिकोतल्या क्लेटनच्या गुरांच्या वाड्यातला, ११०० डॉलरला घेतलेला घोडा. शार्मेन जेम्स त्याच्यावर १९८४ ते १९९३ सलग दहा वेळा बॅरल रेसिंगची जगज्जेती झाली. १९८५ च्या राष्ट्रीय अंतिम फेरीत लगाम डोक्यावरून निघाला तरी तो पळत राहिला आणि ती फेरी जिंकली. खच्ची केलेला म्हणून वंश नाही, तर २००६ मध्ये त्याचा क्लोन जन्माला घातला. मान्य, तशी जिद्द कुठल्याच ओळंब्याने मोजता येत नाही. पण तांबड्यात ती आहे याचा पुरावा काय, तर कपाळावरचा पट्टा?

घोडीच्या बाजूने सगळंच आहे असंही नाही. वय तेरा. डोकं जड, आणि ईराला ती दिसायला आवडली नाही, हे मोठंच संकट. पण विकणारा तांबड्याचे ३५ हजार डॉलर मागतोय आणि घोडीवाल्या बाई १८ हजार. घोडी आतापर्यंत एका बाराएक वर्षांच्या मुलीने पळवलीय, म्हणजे ईरालाही सांभाळून घेईल.

गुरुवारी पशुवैद्य येणार. सांधा मिनिटभर वाकवून धरून लगेच दुडक्या चालीने पळवतात, लंगडते का बघतात. मग पुढच्या खुरांचे आणि दोन्ही हॉकचे एक्स-रे. डावा हॉक आणि स्टायफल मी जरा जास्तच बघायला सांगणार, कारण तीनपैकी दोन वळसे डावीकडचे. रक्तही घेतील. वेदनाशामक पाजून घोडा दाखवणारे इथेही आहेत. आनुवंशिक दोषांसाठी आयाळीचे केस मुळासकट उपटून प्रयोगशाळेत पाठवलेत. या जातीत एका प्रकारात कातडीच खोगिराखाली सुटत जाते, तरण्याताठ्या घोड्यांची. आई-बाप दोघांकडून दोष आला तरच होतो, पण तपासलेलं बरं.

एक्स-रेमध्ये काही निघालं तर दोन्ही सोडून देईन, तांबड्याकडे परत जाणार नाही. आताच सांगून ठेवतो, नंतर ओरडू नकोस.

तुझ्या नव्या शिंगराचा फोटो पाठवलास, त्यात नुसतं तोंड आणि तुझ्या पोराचा गॉगल आहे. बाजूने काढ. चारही खूर दिसू देत, गवतात नको, आणि मोबाईल त्याच्या पोटाच्या उंचीवर धर. उभ्याने वरून काढलास की पाय आखूड दिसतात. मग सांगतो काय ते.

वहिनींना आणि काकांना नमस्कार. काकांचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का, ते कळव.

तुझा,
मिल्या