सिस्टर, तुम्ही आईला एकदाही इंजेक्शन दिलं नाहीत, त्याबद्दल मनापासून आभार

आदरणीय सिस्टर,

गेल्या आठवड्यात आईच्या हाडांच्या इंजेक्शनचा शेवटचा पेन संपला. सव्विसावा. टोपण लावून मी तो ओट्यावर ठेवला तर आई म्हणाली, "आधी सिस्टरले सांग." मी तुमच्या दारापर्यंत आलोही, पण बोलायला लागलो असतो तर घसा दाटला असता. म्हणून लिहितोय. आणि उघड लिहितोय, कारण अकोल्यातल्या आपल्या या गल्लीसारख्या कितीतरी घरांत फ्रिजमधली इंजेक्शनं घ्यायला लागणारी माणसं आहेत. तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्याही कामी येईल.

दोन वर्षांपूर्वी आईने पाण्याची बादली उचलली आणि तिच्या पाठीत कड्कन आवाज आला. मणक्याचं फ्रॅक्चर. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, केली तर टी-स्कोर उणे ३.८. उणे २.५ च्या खाली गेलं की हाडं ठिसूळ झाली असं धरतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. डॉक्टरांनी टेरिपॅराटाइड हे हाड वाढवणारं औषध लिहून दिलं. रोज एक इंजेक्शन, २० मायक्रोग्रॅम, दोन वर्षं. मी चिठ्ठी घेऊन थेट तुमच्याकडे आलो. निवृत्त आरोग्य सेविका दोन घरं सोडून राहते म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? रोजचे पैसे देतो, तेवढं टोचून द्या, असं म्हणालो. तुम्ही नाही म्हणालात. "मास्तर, दोन वर्षं रोज मी असेन का? मी गावाला गेले, आजारी पडले तर? तुमच्या हाताला शिकवते." खरं सांगतो, त्या दिवशी मला तुमचा राग आला होता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही एक संत्रं, सलाइनची बाटली आणि सिरिंज घेऊन आलात. माझा हात इतका थरथरत होता की पहिल्या दोन वेळा सुई सालीवरून घसरली. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त संत्रं फिरवून दुसरी बाजू पुढे केलीत. मग आईची मांडी. कातडी चिमटीत धरायची, सुई सरळ आत, बटण शेवटपर्यंत दाबून धरायचं आणि सुई लगेच ओढायची नाही. "मोजा," तुम्ही म्हणालात. आईने मोजलं नाही, पाच वेळा सावकाश 'विठ्ठल' म्हटलं. पुढची दोन वर्षं आमच्या घरात तेच माप चाललं. रोज नवी सुई, टोचून झालं की सुई लगेच काढायची, पेनवर लावून ठेवायची नाही, नाहीतर औषध पाझरतं आणि आत हवा शिरते. वापरलेल्या सुया फिनाइलच्या जाड रिकाम्या बाटलीत. ती बाटली घंटागाडीत जाता कामा नये, दवाखान्यातच द्यायची. "कचरा वेचणाऱ्या बायांचे हात मी पाहिलेत," एवढंच म्हणाला होतात.

पण खरी शिकवण फ्रिजची. पाचव्या दिवशी माझ्या हातून जे झालं ते तुम्हाला आठवत असेलच. पेन थंड पाहिजे म्हणून मी तो फ्रीझरच्या खालच्या ट्रेमध्ये ठेवला होता. सकाळी काढला तर आतलं औषध गोठलेलं. घाबरून ओट्यावर ठेवला, अर्ध्या तासात वितळलं, पहिल्यासारखं पाण्यासारखं स्वच्छ. टोचायच्याच तयारीत होतो, पण मनात किंतु आला म्हणून तुम्हाला बोलावलं. तुम्ही पेन उजेडासमोर धरलात आणि म्हणालात, "फेका." आई कळवळली. "एवढं महागाचं औषध फेकाले सांगता का वं बाई!" तुम्ही तिच्या शेजारी बसलात आणि दह्याचं सांगितलंत: गोठलेलं दही वितळलं की त्याला पाणी सुटतं, ते परत पहिल्यासारखं लागत नाही. हे औषध म्हणजे ३४ अमिनो आम्लांची माळ. आपल्याच शरीरातल्या ८४ अमिनो आम्लांच्या पॅराथायरॉइड हार्मोनचा पहिला तुकडा. गोठली किंवा तापली की ती माळ बिघडते, आणि दह्याचं किमान डोळ्यांना कळतं, हिचं कळेलच असं नाही. म्हणून गोठलेला पेन वितळवून वापरायचा नसतो. आई गप्प झाली, पण त्या रात्री तिला झोप लागली नाही हेही खरं.

दुसऱ्या सकाळी तुम्ही आमच्या फ्रिजचा ताबाच घेतलात. छोटा थर्मामीटर आणायला लावलात. औषधाचा डबा मधल्या खणात, मागच्या भिंतीला न टेकता, दारातल्या कप्प्यात तर मुळीच नाही. २ ते ८ अंश, दोन्ही टोकं सांभाळायची. मी तोवर फक्त ८ कडेच बघत होतो. लस सांभाळण्यात तुमची नोकरीची सगळी वर्षं गेली, आणि त्या नोकरीत तुम्हाला उष्णतेइतकीच गोठण्याची भीती शिकवली होती.

त्यातली एक गोष्ट तर मी आता सगळ्यांना सांगतो. मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हात, मेडिकलमधून पेन आणायचा होता. मी फ्रीझरमधला बर्फाचा पॅक काढून थर्माकोलच्या डब्यात टाकायला निघालो, तेवढ्यात तुम्ही हात धरलात. पॅक आधी ओट्यावर ठेवायचा. त्याला घाम फुटला, कानाशी धरून हलवल्यावर आतलं पाणी वाजलं, की मग डब्यात. कडक गोठलेला पॅक पेनला लागला तर भर उन्हातही पेन गोठतो. वर पंच्याची घडी, त्यावर पेन. लसीच्या कॅरिअरमध्ये तुम्ही वर्षानुवर्षं हेच केलंत.

शेजारच्या काकांनी सांगितलं होतं, "माझं इन्सुलिन माठाजवळ राहतं, याला कशाला एवढं?" तुम्ही त्यांचंही खोटं पाडलं नाहीत. चालू इन्सुलिन काही आठवडे बाहेर चालतं, त्याच्या कागदावर तसं छापलेलं असतं. याच्या कागदावर मात्र टोचून झालं की लगेच फ्रिजमध्ये, असं आहे. ज्या औषधाचा जो कागद तोच त्याचा नियम. वीज गेली की फ्रिजचं दार उघडायचं नाही, हेही तेव्हापासून घरातल्या पोरांना पाठ आहे.

आणि एका पेनचे २८ दिवस. पेन उघडला की डब्यावर चिकटपट्टी लावून तुमच्या अक्षरात लिहिलं होतंत, 'उघडला १२ मे, शेवटचा डोस ८ जून'. त्यानंतर आत औषध उरलं तरी तो टाकायचाच. लग्नाच्या घाईत एकदा एक डोस चुकला तेव्हा दुसऱ्या दिवशी दोन द्यायचे नाहीत, हेही तुम्हीच बजावलंत.

त्रासाचं तर वेगळंच. नवा पेन सुरू केल्यावर चौथ्या दिवशी आई सकाळी आंघोळीनंतर इंजेक्शन घेऊन देवापुढे उभी राहिली आणि निरांजनासकट भिंतीला टेकली. मला वाटलं औषध सोसत नाही, बंदच करावं. तुम्ही बीपीचं यंत्र घेऊन आलात. बसून वरचा आकडा १३०, उभं केल्यावर १०४. सुरुवातीच्या काही डोसांनंतर असं होतं, इंजेक्शननंतर चारेक तासांत होतं आणि बहुधा आपोआप ओसरतं, असं तुम्ही सांगितलंत. पण त्यात बीपीची गोळीही त्याच वेळी, उपाशीपोटी. तुम्ही स्वतः काही बदललं नाहीत. मला डॉक्टरांना फोन लावायला लावून दोन्ही आकडे सांगायला लावलेत. त्यांनी इंजेक्शन रात्री जेवणानंतर, पलंगावर, आणि गोळी सकाळीच असं करून दिलं. आठ-दहा दिवसांत भोवळ थांबली. पण उठताना आधी पाय खाली सोडून बसायचं, ही सवय आईने आजही मोडलेली नाही.

मग पोटऱ्यांना गोळे, आणि तिसऱ्या महिन्यात मळमळ आणि बद्धकोष्ठ. मला वाटलं कॅल्शियम कमी पडतंय, वाढवू या. तुम्ही म्हणालात, थांबा, घरातल्या सगळ्या गोळ्या इथे ओता. पलंगावर ढीग झाला. त्यात दोन वेगवेगळ्या नावांची पाकिटं निघाली. दोन्ही कॅल्शियमचीच. आई दोन्ही घेत होती, कारण दोन दवाखान्यांनी दोन चिठ्ठ्या दिल्या होत्या. या इंजेक्शनने रक्तातलं कॅल्शियम काही तास तसंही वर जातं, त्यात ही भर. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं, तर मी सकाळी उपाशीपोटी न्यायला निघालो. तुम्ही अडवलंत. इंजेक्शननंतर किमान १६ तास जाऊ द्यायचे, नाहीतर आकडा उगीच जास्त दिसतो. रात्री साडेनऊचं इंजेक्शन म्हणजे दुपारी दीडच्या पुढे. डॉक्टरांना विचारलं, ते हो म्हणाले. आकडा थोडा वरच होता. एक पाकीट बंद झालं आणि मळमळही गेली. माझ्या हाताने वाढवलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार अजून मनात येतो.

मागच्या डेक्सात टी-स्कोर उणे ३.१ आला. मिळवलेलं हाड गमावू नये म्हणून डॉक्टरांनी आता वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायचं हाडांचं औषध सुरू केलंय. तुमची वही, ज्यात तारीख, मांडीची बाजू आणि त्रास असे तीन रकाने आखून दिले होतेत, ती मी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती पहिल्या पानापासून वाचली.

राग आला होता म्हणालो, तो केव्हाच गेला. मागच्या महिन्यात वरच्या आळीतल्या एकाच्या वडिलांना हेच इंजेक्शन सुरू झालं. तो माझ्याकडे आला, रोजचे पैसे देतो म्हणाला. मी त्याला बसवलं आणि संत्रं आणायला आत गेलो.

रविवारी जेवायला या. भरल्या वांग्याची भाजी आई स्वतः करणार आहे, उभी राहून.

आपला नम्र,
गल्लीच्या शेवटच्या घरचा मास्तर