तुमच्या चालीनं वीस मिनिटं

नागपूर,
जानेवारीचा शेवटचा रविवार

प्रिय आई-बाबा,

सप्रेम जय भीम.

फोनवर सांगायला घेतलं की बाबा "बरं बरं" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई रडते. म्हणून लिहिते आहे. आई, चष्मा लाव आणि बाबांना मोठ्यानं वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस.

घर घेतलं आहे, भाड्यानं. लक्ष्मीनगरला, तळमजल्यावर, दोन खोल्या आणि मागे लहानसं अंगण. परवा करारावर सही केली. तुम्हाला न विचारता केली, हे माझं चुकलं. पण दिवाळीपासून तीनदा विचारलं, आणि कधी "कापूस निघू दे", कधी "तूर निघू दे", एवढंच ऐकलं. पोळ्याच्या रात्री गाडी मिळेपर्यंत बाबा आईचा हात धरून ओट्यावर बसून होते आणि मी इथं फोन कानाला लावून नुसती ऐकत होते. तशी रात्र मला पुन्हा नको. जावयाच्या घरी राहायचं नाही, हे बाबांनी माझ्या लग्नातच सांगून टाकलं होतं. ते मी मोडत नाही. घर वेगळं आहे, तुमचं आहे, फक्त माझ्यापासून चार गल्ल्यांवर आहे.

सही करायच्या आधी एक दिवस सुट्टी टाकली, गाडी घरीच ठेवली आणि सगळा भाग पायी फिरले. तुमच्या चालीनं फिरले. म्हणजे बाबांचा उजवा गुडघा आणि आईचा दम मनात धरून. शंभर पावलं चालायची, थांबायचं, बसायला जागा कुठं आहे ते बघायचं.

सकाळी साडेसहाला निघाले ती पहिली दीक्षाभूमीवर गेले. माझ्या चालीनं दहा मिनिटं, तुमच्या चालीनं वीस. थंडी होती, गर्दी नव्हती. आपण ती जागा अशी रिकामी कधी बघितलीच नाही. आपण जायचो ते अशोक विजयादशमीला, ट्रकमध्ये उभ्यानं. मी हरवू नये म्हणून आईनं माझ्या फ्रॉकला पदराची गाठ मारलेली असायची. बाबा दरवर्षी पुस्तकांच्या दुकानांपुढे तासभर उभे राहायचे. "चपला पुढच्या साली घेऊ," म्हणायचे आणि पुस्तक घ्यायचे. बोधिवृक्षाजवळ बसले आणि आबांची आठवण आली. 14 ऑक्टोबर 1956 ला पोचायचं म्हणून ते गावावरून पायी निघाले होते. बाबा, तिथं तुम्हाला रोज सकाळी जाता येईल. एवढ्या एका गोष्टीसाठी मी हे घर घेतलं असं समजलात तरी चालेल.

तिथून धंतोली. दवाखान्याला दवाखाना लागून आहे. आईला दाखवायला पहाटेची एसटी धरायची आणि रात्री परतायचं, हे आता संपलं.

सीताबर्डीचं मात्र खरं सांगते. मेन रोडवर गर्दी तीच, फेरीवाले तेच, आणि टेकायला जागा नाही. दुकानाच्या पायरीवर बसले तर दोन मिनिटांत उठवलं. म्हणून बर्डीला तुम्ही पायी जायचं नाही. शंकरनगर चौकातून मेट्रो आहे, बर्डी तिसरं स्टेशन, चढायला लिफ्ट आहे. जायचं ते सकाळी, आणि दोघांनी मिळून. आईला नेताजी मार्केटची फुलं आवडतील. शेवंतीचे ढीगच्या ढीग पडले होते.

दुपारी महाराजबागेत गेले. झाडांखाली अजून तशीच गार सावली आहे. वाघ दिसावा म्हणून बाबांनी मला खांद्यावर घेतलं होतं आणि मी भीतीनं त्यांचे केस धरले होते. त्या खांद्यांवर बसून मला वाघसुद्धा लहान वाटला होता. मग आपण तिघं आणि दादा, भाकरी आणि फल्लीची चटणी. दादा असता तर हे पत्र त्यानं लिहिलं असतं, आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं असतं. तुमच्यासारखीच मीही त्या सावलीत बसून थोडी रडले, मग चहा घेतला.

तिथून लॉ कॉलेज चौकातून गोकुळपेठच्या बाजारात. आई, हा बाजार तुझा. तुरीच्या शेंगा, पोपटीच्या शेंगा, हरभऱ्याची कोवळी भाजी, काटेरी वांगी. पुण्याला होते तेव्हा मला सांबाराला कोथिंबीर म्हणावं लागायचं. इथं सांबार म्हटलं की सांबारच हातात येतो. एका भाजीवालीनं माझं बोलणं ऐकून "वर्ध्याकडची का गं माय?" विचारलं, आणि मूठभर मिरच्या वरून टाकल्या. "तिथं मी कोनाशी बोलू?" असं तू म्हणतेस ना, तिच्याशी बोल.

घरात कमोड आहे, बाबांना आता वाकायला नको. ज्वारी दळायला चक्की कोपऱ्यावर आहे. अंगणात दुपारपर्यंत ऊन असतं, मिरच्या आणि वड्या वाळतील. मार्च लागायच्या आत कूलरला वाळ्याच्या ताट्या बसवून घेते.

शेत विकायचं नाही. या वर्षी मक्त्यानं द्या. घराची किल्ली काकूंकडे ठेवा, गायही त्यांच्याच गोठ्यात राहील, आणि पेरणीच्या वेळी मीच तुम्हाला गावी घेऊन जाईन. तेव्हा तिथंच राहावंसं वाटलं तर आपण पुन्हा बोलू. ओढून आणते आहे असं मनात आणू नका.

आता ऐका. बाबा, तो तंबाखूचा खर्रा बंद. कमी नाही, बंद. साखरेची गोळी जेवणाआधीची आहे ती जेवणाआधीच घ्या. आई, बीपीची गोळी "आज बरं वाटते" म्हणून सोडायची नाही. दोघांचे सगळे कागद पांढऱ्या पिशवीत घालून पेटीत वर ठेवा. आबांचा फोटो दुपट्ट्यात गुंडाळून आईनं मांडीवर घ्यायचा, सामानात टाकायचा नाही.

पुढच्या रविवारी सकाळी आठला गाडी घेऊन येते. भांडी फार भरू नका, इथं घेऊ. पाटा-वरवंटा मात्र आणायचाच, पण बाबांनी त्याला हात लावायचा नाही. मी आल्यावर मी उचलेन.

तुमची,
छकुली