वाघिणीच्या मापाची पाणबुडी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पहिल्या महायुद्धातील जर्मन पाणबुड्यांवर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. किनारी गस्तीच्या ‘यूबी-१’ वर्गाची त्यात ‘मोठ्या पाणबुडीची स्वस्तातली नक्कल’ एवढ्यावर बोळवण केली आहे. ते काही पटले नाही. या बोटीचे माप समुद्राने नव्हे, रेल्वेने ठरवले होते. ते ध्यानात घेतले की तिचे गुण उलगडतात आणि खोडीही.

१९१४ च्या ऑक्टोबरात जर्मन सैन्य बेल्जियमच्या किनाऱ्याला भिडले आणि इंग्लिश खाडीच्या तोंडाशी आयता तळ हाती आला. मोठी पाणबुडी बांधून होईपर्यंत थांबायची तयारी नव्हती. म्हणून मागणी अशी निघाली की बोट झटपट बांधता यावी आणि तुकडे करून मालगाडीच्या वाघिणींवर लादता यावी. लांबी २८ मीटर, रुंदी ३.१५ मीटर, वजन पाण्यावर १२७ टन आणि पाण्याखाली (टाक्यांत पाणी भरून) १४२ टन. कवच एकेरी, माणसे चौदा. कीलच्या जर्मानियावेर्फ्ट गोदीत पहिल्या बोटीचे काम नोव्हेंबरात सुरू झाले आणि जानेवारी १९१५ मध्ये ती पाण्यात उतरली. कीलला आठ बोटी झाल्या, उरलेल्या बारा ब्रेमेनच्या वेझर गोदीत. जर्मनीसाठी सतरा, आणि ऑस्ट्रिया-हंगेरीसाठी मुद्दाम बांधलेल्या तीन धरून एकूण वीस.

फ्लँडर्ससाठीच्या, म्हणजे बेल्जियमच्या किनाऱ्यावरच्या, बोटींचे तुकडे रेल्वेने अँटवर्पला जात. तिथे दोन-तीन आठवड्यांत जोडणी होई आणि मग तराफ्यांवरून कालव्याने ब्रुज गाठले जाई. काही बोटी आल्प्स ओलांडून ॲड्रियाटिकवरच्या पोला बंदरात गेल्या. जिब्राल्टरला वळसा घालून भूमध्य समुद्रात शिरणे या बोटींना स्वतःच्या बळावर जमलेच नसते.

एवढ्याशा पोटात यंत्र किती मावणार? ६० अश्वशक्तीचे एकच डिझेल इंजिन, १२० अश्वशक्तीची एक विजेची मोटर आणि दोन्हींसाठी पंखा फिरवणारा एकच दांडा. पाण्यावरचा वेग साडेसहा नॉट (तासाला साडेसहा सागरी मैल), पाण्याखालचा साडेपाच. तोही थोडाच वेळ टिके. चार नॉटने गेले तर बॅटरी सुमारे ४५ सागरी मैल पुरे. त्या काळची साधी मालवाहू आगबोटही आठ-दहा नॉटने चाले, म्हणजे पाठलागाचा प्रश्नच नव्हता. डोव्हरच्या सामुद्रधुनीत भरती-ओहोटीचा ओढ जोरात असला की बोट पुढे जाण्याऐवजी जागच्या जागी रखडे. म्हणून तिचा डाव एकच. जहाजांच्या वाटेवर आधी जाऊन बसायचे आणि सावज समोरून येण्याची वाट पाहायची.

नाळेत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकात, ४५ सेंटिमीटरच्या दोन नळ्या आणि नळीत एकेक टॉर्पेडो (जुन्या मराठी वर्तमानपत्रांचा ‘पाणतीर’), राखीव एकही नाही. बोटीची सर्वांत वाईट खोड इथेच होती. टॉर्पेडोचे वजन सुमारे ७७० किलो. तो सुटला की नाळ एकदम हलकी होते. तेवढ्याच वजनाचे पाणी त्याच क्षणी भरपाईच्या टाकीत शिरायला हवे. पाणी कमी पडले तर नाळ वर उसळून पाण्याबाहेर डोकावते आणि नुकत्याच हल्ला झालेल्या शत्रूला बोट आयती दिसते. जास्त शिरले तर बोट नाक खाली करून तळाकडे निघते. ५० मीटर खोलीसाठी बांधलेल्या बोटीत हा खेळ परवडणारा नव्हता. मोठ्या पाणबुडीतही टाकीचे गणित चुकते, पण तिथे आठ-नऊशे टनांच्या देहाला ७७० किलोचा धक्का तितका बाधत नाही.

१० जून १९१५ रोजी याच वर्गातल्या यूबी-१५ या बोटीने व्हेनिसजवळ ‘मेदुसा’ ही इटालियन पाणबुडी बुडवली, तेव्हा टाकीने नेमका असाच दगा दिला. खलाशी पिछाडीकडे धावले तेव्हा कुठे बोट सरळ झाली. हा उपाय हास्यास्पद वाटेल, पण हिशेब करून पाहा. चौदा माणसांचे वजन मिळून एका टॉर्पेडोहून थोडे जास्तच भरते. माणसे हीच त्या बोटीतली सर्वांत भरवशाची चल टाकी होती.

लेखात मोठी चूक आहे ती ‘अमाल्फी’विषयी. सुमारे दहा हजार टनांची ही इटालियन चिलखती क्रूझर ७ जुलै १९१५ रोजी बुडाली. ते श्रेय लेखकाने ऑस्ट्रियन पाणबुडीला दिले आहे. झेंडा आणि यू-२६ हा क्रमांक ऑस्ट्रियाचा होता, एवढे खरे. बोट मात्र जर्मन यूबी-१४, खलाशी जर्मन आणि कप्तान हायनो फॉन हाइमबुर्गही जर्मन. इटलीने मे १९१५ मध्ये युद्ध पुकारले होते ते ऑस्ट्रियाशी, जर्मनीशी थेट ऑगस्ट १९१६ मध्ये. मधले पंधरा महिने ही झेंड्यांची अदलाबदल चालली. पुढे याच बोटीने एजियन समुद्रात ‘रॉयल एडवर्ड’ हे सैनिक नेणारे जहाज आणि मार्मारा समुद्रात ई-२० ही ब्रिटिश पाणबुडी बुडवली. फ्रेंच पाणबुडी ‘तुर्क्वाज’ तुर्कांच्या हाती लागली होती. तिच्यावरच्या कागदपत्रांत ई-२० शी भेटण्याचे ठिकाण नोंदलेले होते. वेगाला नव्हे, जागा ठाऊक असण्यालाच हे यश आले.

फ्लँडर्सकडची गोष्ट वेगळी. कप्तान ओटो श्टाइनब्रिंकच्या हाती पहिल्यांदा आलेली यूबी-१० तीन वर्षांहून अधिक काळ वापरात राहिली. ११५ फेऱ्यांत ३७ जहाजे बुडाली, पण मिळून सुमारे २२,५०० टन, म्हणजे सरासरी सहाशेच्या आसपास. बहुतेक मासेमारीची शिडाची गलबते! त्यांच्यावर टॉर्पेडो खर्चणे शक्य नव्हते आणि बोटीवर तोफ नव्हती, होती फक्त ८ मिलिमीटरची एक मशिनगन. मग गलबताला थांबवायचे, माणसे होडीत उतरवायची आणि तळाशी स्फोटके ठेवायची. त्यासाठी अगदी जवळ जावे लागे. ब्रिटिशांनी हे हेरले. १५ ऑगस्ट १९१५ रोजी यूबी-४ अशीच ‘इन्व्हरलिऑन’ या गलबताजवळ गेली, तर त्यावर दडवलेली तोफ निघाली. इंजिनही नसलेल्या शिडाच्या गलबताने पाणबुडी बुडवली आणि तिच्यातले कोणीही वाचले नाही.

‘तुबान्तिया’ या तटस्थ डच प्रवासी जहाजाबद्दल लेखात ‘कारण अज्ञात’ असे छापले आहे. १६ मार्च १९१६ रोजी ते बुडाले, तेव्हा त्याच्या होड्यांत टॉर्पेडोचे ब्राँझचे तुकडे सापडले आणि त्यांवरून २०३३ हा क्रमांक लागला. तो यूबी-१३ चा. हा टॉर्पेडो दहा दिवस आधी दुसऱ्याच जहाजावर सोडला होता आणि तो तरंगत राहिला असावा, असा खुलासा जर्मनीने केला. १९२२ मध्ये लवादाने तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली.

शेवटी आकृतीविषयी. तीत नाळेकडे तोफ आणि मागे बोट ढकलणारे दोन पंखे दाखवले आहेत. तोफ नव्हती हे वर आलेच. पंखाही एकच होता. दोन इंजिने, दोन दांडे आणि ५० सेंटिमीटरच्या नळ्या आल्या त्या दुप्पट वजनाच्या ‘यूबी-२’ वर्गात. आकृती बहुधा त्या बोटीची असावी. मथळा बदलून ती पुन्हा छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ठाणे